फिट्झरॉयचा सिंह ब्रिस्बेनला गेला : लीग देशाची झाली, पण गल्लीचं काय?

यारातीर
नमस्कार मंडळी. मेलबर्नला येऊन अकरा वर्षं झाली. इथल्या फुटीवर, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलवर, बरेच दिवस लिहायचं मनात होतं. निमित्त मिळालं ते शेजारच्या आजोबांमुळे.

आजोबा ऐंशीच्या घरातले. थंडी सुरू झाली की त्यांच्या गळ्यात एक विरलेला लाल-निळा-सोनेरी मफलर दिसतो. मी आपला समजत होतो की ते ब्रिस्बेन लायन्सचे. परवा बोलता बोलता तसं म्हणालो, तर ते थांबले आणि म्हणाले, "ब्रिस्बेन नाही. फिट्झरॉय." १९९६ नंतर त्यांनी या लीगचा एकही सामना पाहिलेला नाही. त्यांची मुलगी मात्र ब्रिस्बेनची सभासद आहे. रंग तेच, सिंह तोच, घरही एकच, आणि या विषयावर बापलेकीत बोलणं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८९७ साली आठ क्लबांची व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली. फिट्झरॉय हे मेलबर्नचं एक उपनगर, त्याचा क्लब त्या आठांतला, चिन्ह सिंह. १९२५ पासून बारा क्लब. जिलाँग सोडलं तर सगळे मेलबर्नच्या उपनगरांचे. १९८२ मध्ये साउथ मेलबर्न सिडनीला हलला. १९८७ मध्ये पर्थचा वेस्ट कोस्ट आणि ब्रिस्बेन बेअर्स आले. १९९० मध्ये नावातलं 'व्हिक्टोरियन' जाऊन 'ऑस्ट्रेलियन' आलं. १९९६ च्या शेवटी फिट्झरॉयचा संघ बेअर्समध्ये विलीन झाला आणि ब्रिस्बेन लायन्स तयार झाले. आज अठरा क्लब आहेत, २०२८ मध्ये टास्मानिया एकोणिसावा.

माझा प्रश्न असा : एका शहराच्या लीगला देशाची लीग व्हायचं असेल, तर कुठल्या तरी मोहल्ल्याला आपला क्लब गमवावाच लागतो का? मला वाटतं, फिट्झरॉय वाचवता आला असता. तुमच्या गावचे अनुभवही लिहा.

मिसळ_जादा_कट
वाचतोय. आधी एक शंका. लंबगोल चेंडू, चार खांब, हाताने पण खेळतात. याला फुटबॉल म्हणायचं की रग्बी?

यारातीर
दोन्ही नाही. याचे नियम १८५९ मध्ये मेलबर्नलाच लिहिले गेले. क्रिकेटवाल्यांना हिवाळ्यात अंग हलवायला खेळ हवा होता, म्हणून मैदानही क्रिकेटचंच, गोल. एका बाजूला अठरा खेळाडू. मधल्या दोन खांबांतून लाथेनं चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक.

मिसळ_जादा_कट
म्हणजे नेम चुकला तरी एक गुण मिळतो? आमच्या गणिताच्या मास्तरांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

पेठकरी
भावा, धागा लय भारी. कोल्हापुरातनं लिहितोय, त्यामुळं तुझ्या आजोबांचं दुखणं मला न सांगता कळलं.

आमच्याकडं फुटबॉल शहराचा नसतोय, पेठेचा असतोय. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, फुलेवाडी, शिवाजी, प्रॅक्टिस. निम्म्या संघांच्या नावात 'तालीम' हाय, कारण जिथं कुस्ती तिथंच फुटबॉल वाढला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार असली की सकाळपासनं पेठेत दुसरा विषय नसतोय. माझा थोरला भाऊ लग्न करून दुसऱ्या पेठेत राहायला गेला, वीस वर्षं झाली. संघ बदलला नाही. सासरे त्या पेठेचे, मॅचच्या दिवशी जावई-सासरे एका गॅलरीत बसत नाहीत.

आता उद्या कुणी म्हणालं, आपली लीग राज्याची करायचीय, तवा पाटाकडीलनं पुण्याला जावं, रंग तेवढे ठेवतो. रंग घेऊन काय करायचं? पेठ कुठाय त्यात?

हिशोबी
भावना समजते, पण पेठकरीदादा, पैशाची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

८०च्या दशकात मेलबर्नचे बरेच क्लब कर्जात बुडाले होते. एकाच शहरात दहा-अकरा क्लब एकाच प्रेक्षकासाठी, एकाच प्रायोजकासाठी झगडत होते. चांगला खेळाडू मिळवायला दुसऱ्या राज्यातल्या क्लबांना मोठ्या रकमा मोजायच्या आणि ते पैसे उसने आणायचे. १९८७ मध्ये वेस्ट कोस्ट आणि बेअर्स यांनी प्रत्येकी ४० लाख डॉलर प्रवेशशुल्क भरलं. त्या पैशानं जुन्या क्लबांना तगवलं. म्हणजे पर्थ आणि ब्रिस्बेन आले नसते तर एक फिट्झरॉय नाही, तीन-चार क्लब गेले असते.

आणि फिट्झरॉयनं आपलं ब्रन्स्विक स्ट्रीटचं मैदान १९६६ नंतर सोडलं होतं. पुढची तीस वर्षं हा क्लब दुसऱ्यांच्या मैदानावर भाड्यानं खेळला. शेवटी तर प्रशांत महासागरातल्या नाउरू या चिमुकल्या देशाकडून साडेबारा लाख डॉलर कर्ज घेतलं होतं. ते फेडता येईना म्हणून १९९६ च्या जूनमध्ये धनकोने प्रशासक नेमला. याला लीगनं मारलं म्हणणं बरोबर नाही.

यारातीर
हिशोबीराव, आकडे बरोबर आहेत, पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याच जुलैत फिट्झरॉय आणि नॉर्थ मेलबर्न यांचं विलीनीकरण जवळजवळ ठरलं होतं. नॉर्थचं मैदान ट्रामच्या अंतरावर. आजोबा चालत गेले असते. पण दोघांचे खेळाडू एकत्र झाले तर संघ फार बलवान होईल, म्हणून बाकीच्या क्लबांनी ते मान्य केलं नाही आणि ब्रिस्बेनला पसंती दिली. सिंह १७०० किलोमीटर लांब गेला तो केवळ कर्जामुळे नाही. शेजाऱ्यांनी मतं दिली म्हणून गेला. आजोबांना कर्जाचा राग नाही, त्या मतांचा आहे.

हिशोबी
हे मान्य. ती मतं स्वार्थाची होती.

मंजिरी_पर्थ
मेलबर्नकरांचं दुःख वाचून वाईट वाटतं, पण पश्चिमेकडून हेच चित्र उलटं दिसतं. मी पर्थला सोळा वर्षं आहे, सासूबाई इथल्याच जन्माच्या.

त्या सांगतात, त्यांच्या तरुणपणी वेस्ट ऑस्ट्रेलियाची स्वतःची लीग होती, जवळपास शंभर वर्षांची परंपरा होती. पण पोरगा जरा चमकला की मेलबर्नचा कुठला तरी क्लब पैसे देऊन घेऊन जायचा. राज्यांचे सामने व्हायचे तेव्हा आपलीच पोरं व्हिक्टोरियाच्या जर्सीत समोर उभी. १९७७ मध्ये पर्थला पहिल्यांदा नियम बदलला : ज्या मातीत खेळ शिकलास त्या राज्याकडून खेळ. वेस्ट ऑस्ट्रेलियानं व्हिक्टोरियाला धुऊन काढलं. सासूबाई त्या दिवशी मैदानावर होत्या. आजही सांगताना आवाज बदलतो.

मग १९९२. वेस्ट कोस्टनं एमसीजीवर जिलाँगला हरवून कप पहिल्यांदा व्हिक्टोरियाबाहेर आणला. दर दुसऱ्या आठवड्याला जवळपास चार तास विमानात बसून खेळायला जाणाऱ्या संघानं. यारातीर, तुमच्या आजोबांनी क्लब गमावला हे खरं. पण आमच्याकडच्या लोकांना तोपर्यंत फक्त खेळाडू गमावायची सवय होती.

एवढं मात्र कबूल करते की इथल्या जुन्या स्थानिक लीगची रया गेली. ज्या मैदानांवर सासरे हजारोंच्या गर्दीत उभे असायचे, तिथे आता ओळखीचे चेहरे मोजता येतात.

अण्णा_ठाणे
मंजिरीताई, +१. केंद्रातून बघितलं तर 'विस्तार', परिघातून बघितलं तर 'उशिरा मिळालेला न्याय'.

गोंयचो_पाव
मडगावहून. आमच्या गोंयची कथा सांगतो, ती यापेक्षा कडू आहे.

२००७-०८ ते २०१२-१३ या सहा हंगामांत भारताची राष्ट्रीय लीग कुणी जिंकली? धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. सहाच्या सहा गोव्यात! नकाशावर शोधावं लागणारं एवढंसं राज्य. फातोर्ड्याला सामना असला की बाबा दुकान लवकर बंद करायचे.

२०१४ मध्ये शहरांच्या नावाच्या संघांची नवी लीग आली. २०१६ मध्ये जुन्या लीगला खालच्या पायरीवर बसवायचा आराखडा पुढे आला, तेव्हा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी निषेध म्हणून राष्ट्रीय लीग सोडली. मी एफसी गोवाचे सामने बघतो, आवडीनं बघतो, संघ छान खेळतो. पण बाबा त्यांना 'ते' म्हणतात आणि धेंपोला 'आमचे'.

ऑस्ट्रेलियानं निदान जुनी लीगच वाढवली. जुने क्लब, जुनी बक्षिसं, जुना इतिहास सगळं त्याच वहीत पुढे लिहिलं. आमच्याकडे वहीच नवी घेतली.

पेठकरी
गोंयकार भावा, वहीचं बोललास ते काळजाला लागलं.

अण्णा_ठाणे
आणि मुंबईचं विसरू नका. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली, २०१० ला संघच बंद. कूपरेजला मी त्यांचे सामने पाहिलेत. रोव्हर्स कपसारखी १८९१ पासूनची स्पर्धा आपल्या शहरात होती, हे आज मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

सायली_अ‍ॅडलेड
अ‍ॅडलेडचा किस्सा राहिला, तो मालिका करण्यासारखा आहे.

साउथ ऑस्ट्रेलियाच्या लीगनं ठरवलं होतं की मेलबर्नवाल्यांच्या लीगमध्ये इतक्यात जायचं नाही, सगळ्यांनी एकी ठेवायची. आणि १९९० मध्ये बातमी फुटली की पोर्ट अ‍ॅडलेड, १८७० चा क्लब, गुपचूप बोलणी करून एकटाच निघालाय! गोदीतल्या कामगारांचा क्लब, राज्यात सगळ्यात यशस्वी, म्हणून आधीच बाकीच्यांचा नावडता. प्रकरण कोर्टात गेलं. मनाई हुकूम आला. मग बाकीच्यांनी घाईघाईनं सगळ्या राज्याचा मिळून 'अ‍ॅडलेड' हा नवा संघ उभा केला आणि १९९१ मध्ये तोच लीगमध्ये गेला. पोर्टला १९९७ पर्यंत थांबावं लागलं.

आणि आत गेल्यावर? पोर्टची काळी-पांढरी जर्सी आणि मॅगपाय पक्षी हे दोन्ही मेलबर्नच्या कॉलिंगवूडकडे आधीपासून होते. म्हणून पोर्टनं नवा रंग घेतला, नवं टोपणनाव घेतलं. जुन्या पट्ट्यांच्या जर्सीसाठी त्यांचे लोक अजून भांडतात. माझा नवरा पोर्टचा, नणंद अ‍ॅडलेडची. दोघांच्या सामन्याच्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही.

मिसळ_जादा_कट
अवांतर : परदेशातल्या गणपतीचंही हेच होतं. एका शहरात दोन मंडळं, कुणीतरी म्हणतं एकत्र करू, मोठा हॉल घेऊ. एकत्र होतात, हॉल मोठा मिळतो, आणि पुढच्या वर्षी तीन मंडळं असतात.

सायली_अ‍ॅडलेड
:) आणि तिन्हीकडे आरतीला तेच लोक!

पॉइंटकुक_काका
मी मेलबर्नच्या पश्चिम भागात राहतो, टार्नीट-पॉइंट कुककडे, जिथे आपली मराठी कुटुंबं भरपूर आहेत. आमचा क्लब वेस्टर्न बुलडॉग्ज, म्हणजे पूर्वीचा फूट्सक्रे. यारातीर, तुमच्या मूळ प्रश्नाला याच क्लबात उत्तर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१९८९ मध्ये लीगनं जाहीर केलं की फूट्सक्रे आणि फिट्झरॉय यांना एकत्र करणार. नावही ठरलं होतं : फिट्झरॉय बुलडॉग्ज. फूट्सक्रे म्हणजे कारखान्यांचा, बंदरावरच्या मजुरांचा आणि स्थलांतरितांचा भाग. त्या लोकांनी काय करावं? डबे घेऊन दारोदार फिरले. स्टेशनवर उभे राहिले. पीटर गॉर्डन नावाच्या तरुण वकिलानं कोर्टात वेळ मिळवली, आणि तीन आठवड्यांत दहा लाख डॉलरहून जास्त जमले. विलीनीकरण बारगळलं.

मी आलो २००४ ला. माझ्या पहिल्या नोकरीतला फोरमन, ग्रीक माणूस, त्याच्या खिशात १९८९ ची देणगीची पावती होती. पाकिटात, बायकोच्या फोटोमागे. २०१६ मध्ये बुलडॉग्ज १९५४ नंतर पहिल्यांदा जिंकले. बासष्ट वर्षं! त्या संध्याकाळी आमच्या जुन्या मैदानावर, व्हिटन ओव्हलवर, मी मुलीला खांद्यावर घेऊन उभा होतो. फोरमन भेटला. बोलला काही नाही, पाकीट काढून पावती दाखवली.

तेव्हा माझं उत्तर : नाही, गमवावाच लागतो असं नाही. पण वाचवायला माणसं दारोदार फिरावी लागतात, आणि फूट्सक्रेकडे स्वतःचं मैदान होतं, जिथे जमता येत होतं. फिट्झरॉयकडे ते तीस वर्षं नव्हतं. मैदान गेलं की माणसं एकत्र कुठे येणार?

हिशोबी
काका, शब्दन् शब्द पटला. यात एकच भर घालतो. २०१६ चा विजय शक्य झाला कारण लीग मोठी होताना दोन नियम आले. ऐंशीच्या दशकात पगारावर कमाल मर्यादा आणि १९८६ मध्ये ड्राफ्ट : जो संघ तळाशी, त्याला नव्या खेळाडूंतून आधी निवड. शिवाय टीव्हीच्या पैशातला वाटा सगळ्यांना. जुन्या गल्लीच्या लीगमध्ये श्रीमंत क्लब कायम वर राहायचे. कप सगळ्यांच्या आवाक्यात आला तो देशाच्या लीगमध्ये.

पेठकरी
हे आमच्याकडं पण आणा रे कुणीतरी.

सिडनी_सुलभा
साउथ मेलबर्नबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. १९८२ मध्ये तो संघ सिडनीला आला तेव्हा मेलबर्नमध्ये 'साउथला साउथमध्येच ठेवा' अशी चळवळ झाली होती. इथे सिडनीत रग्बीवाल्यांचं राज्य. पुढची दहा-बारा वर्षं संघ बंद पडणार की उद्या, एवढाच प्रश्न असायचा. लाल-पांढरा रंग आणि हंस मात्र सोडला नाही. २००५ मध्ये सिडनी स्वान्सनी कप जिंकला, १९३३ नंतर पहिल्यांदा. त्यांचे प्रशिक्षक पॉल रूस. हे रूस कुठले? फिट्झरॉयचे! तेरा हंगाम तिथे खेळून सिडनीला आलेले. आजोबांना हे नक्की माहीत असणार.

यारातीर
माहीत असणारच! उद्या विचारतो.

ऋजुता_के
मैदानांचा विषय निघालाय म्हणून. मोठी लीग झाल्यावर उपनगरांतली जुनी मैदानं एकेक करून सुटली : एसेंडनचं विंडी हिल, कॉलिंगवूडचं व्हिक्टोरिया पार्क, कार्लटनचं प्रिन्सेस पार्क. सगळे सामने एमसीजी आणि डॉकलँड्सला.

पण ३ फेब्रुवारी २०१७ ला महिलांच्या लीगचा पहिलाच सामना, कार्लटन-कॉलिंगवूड, प्रिन्सेस पार्कलाच झाला. प्रवेश फुकट. मी ऑफिसातून तशीच गेले. २४,५६८ लोक आत आणि मग फाटकं बंद करावी लागली, आमच्यासारख्या कितीतरी बाहेर. कुंपणाला नाक लावून पाहिलं. शेजारी एक म्हातारी बाई होती, म्हणाली, "मला लहानपणी भावांबरोबर खेळायला बंदी होती." पुढे ती बोललीच नाही, नुसती बघत राहिली. म्हणून मला 'विस्तार' म्हटलं की आधी पर्थ-ब्रिस्बेन आठवत नाही, ती संध्याकाळ आठवते.

होबार्टहून
टास्मानियाचा उल्लेख झाला, हजर आहे. या बेटानं मेलबर्नला पीटर हडसन, डॅरेल बॉलडॉक, रॉयस हार्ट, इयन स्टुअर्ट असे एकाहून एक खेळाडू दिले आणि बदल्यात मिळालं काय? मेलबर्नच्या क्लबांचे वर्षाकाठी काही सामने, पाहुण्यासारखे. परवाना मिळाला २०२३ च्या मे महिन्यात. होबार्टला २३,००० आसनांचं छपराचं स्टेडियम बांधायचं, ही अट. त्यावरून इथे घराघरात दोन तट आहेत. इस्पितळं आधी की स्टेडियम, हा प्रश्न खोटा नाही, माझी बायको नर्स आहे.

पण २०२४ च्या मार्चमध्ये दहा डॉलरचं सभासदत्व निघालं आणि दोन लाखांच्या वर लोकांनी घेतलं. बेटाची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास! मी घेतलं, बायकोनंही घेतलं. मोठ्या लीगमध्ये अजून एकही सामना न खेळलेल्या संघाचं कार्ड फ्रिजवर लावलंय.

गोंयचो_पाव
होबार्टकर, असं कार्ड आमच्या बाबांना कुणी दिलं असतं तर त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं असतं.

यारातीर
मंडळी, दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण शनिवारी आजोबांबरोबर होतो.

पॉल रूसचं विचारलं. आजोबा म्हणाले, "तो गेला तेव्हाच कळलं होतं." मग त्यांनी १९९६ चा ऑगस्ट सांगितला. मेलबर्नमधला फिट्झरॉयचा शेवटचा सामना, एमसीजीवर, रिचमंडविरुद्ध. १५१ गुणांनी हरले. आजोबा शेवटपर्यंत थांबले. पुढचा, अखेरचा सामना पर्थला होता. तिथे जायला पैसे नव्हते. १८९८ पासूनचे आठ कप, आणि शेवट असा रेडिओवर.

मी तुमचे सगळे प्रतिसाद त्यांना वाचून दाखवले, जमेल तसं इंग्रजीत करून. मंजिरीताईंच्या सासूबाईंचं ऐकून म्हणाले, "हं, त्यांचंही बरोबर आहे." पेठकरींच्या भावाचं ऐकून खूप हसले. फूट्सक्रेच्या पावतीवर गप्प झाले. "आम्हीही डबे घेऊन फिरलो होतो," एवढंच म्हणाले.

मग म्हणाले, गाडी काढ. मला वाटलं दवाखान्यात जायचं असेल. गेलो एडिनबरा गार्डन्सला, ब्रन्स्विक स्ट्रीटच्या जुन्या मैदानावर. मला खरंच कल्पना नव्हती : फिट्झरॉय २००९ पासून हौशी लीगमध्ये पुन्हा खेळतो, त्याच नावानं, त्याच रंगात! तोच जुना लाकडी स्टँड. काही शे माणसं, कुत्री, बाबागाड्या. खेळाडू दिवसा सुतार, शिक्षक, विद्यार्थी. क्लबचं गाणं फ्रान्सच्या राष्ट्रगीताच्या चालीवर आहे. ब्रिस्बेनवालेही त्याच चालीवर गातात. आजोबांनी ते उभं राहून म्हटलं. मी लीगच्या सामन्यांचं विचारत होतो आणि ते सतरा वर्षं दर शनिवारी इथे येत होते.

आणि स्टँडच्या दुसऱ्या टोकाला त्यांची मुलगी. ब्रिस्बेनची टोपी घालून. तीही येते म्हणे. दोघं वेगवेगळ्या टोकांना बसतात, मध्यंतरात ती चहा आणून देते.

पेठकरी
आन् म्हातारा चहा घेतो का?

यारातीर
घेतो. साखर दोन चमचे, ती न विचारता घालते.

मंजिरी_पर्थ
सासूबाईंना वाचून दाखवलं. विचारतायत, पुढचा घरचा सामना कधी आहे? ऑगस्टमध्ये आम्ही मेलबर्नला येतोय.

यारातीर
वेळापत्रक बघून व्यनि करतो, ताई. दुपारी दोनला सुरू होतो, ११ नंबरची ट्राम. पॉइंट कुक काका, तुम्हीही या, मुलीला घेऊन. थंडी असते, स्टँडच्या लाकडी बाकावर घालायला चादर आणा.

पॉइंटकुक_काका
येतो. थर्मास माझ्याकडे.